बोकडासाठी अठ्ठावीस माणसं

बोकड गेला.

बुधवारी सकाळी सव्वानऊला उस्ताद नाएलना हे कळलं आणि ते बाल्कनीत, वाळत घातलेल्या चादरींच्या मधोमध, पायजम्यावर, हातात लेकीचा व्हिडिओ गेम धरून असे काही उभे राहिले, की खालून चाललेल्या गॅसवाल्याला वाटलं आपल्यालाच थांबवतायत. त्यानं गाडीचं गाणं बंद केलं आणि वर ओरडला, "किती सिलिंडर, उस्ताद?"

"एकही नको! बोकड गेला!"

"अल्ला दुसरा देईल," गॅसवाला म्हणाला, आणि गाणं लावून निघून गेला.

आता बोकड म्हणजे खराखुरा बोकड नव्हे हं. 'शेजार' नावाचा खेळ आहे. आपलं एक बेट असतं, बेटावर दहा शेजारी. कुणी पाणघोडा, कुणी बदक, कुणी बोकड. त्यांच्या दारी जायचं, "कसं काय" विचारायचं, दोन लिंबं द्यायची, परत यायचं. संपला खेळ. अम्मानमध्ये आपण खऱ्या शेजाऱ्यांशी करतो तेवढंच, फक्त तिथे गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवरून कुणी भांडत नाही.

हे बेट रनीमचं. रनीम म्हणजे उस्तादांची एकुलती एक, आणि यंदा तिची तौजीही. बारावीची ही परीक्षा ज्या घरात असते तिथे टीव्ही मुका होतो, पाहुणे बंद होतात आणि लसूणसुद्धा आवाज न करता ठेचावा लागतो. जानेवारीत तिनं तो गेम स्वतःहून, कुणी न मागता, दोन्ही हातांनी बापाच्या हवाली केला होता. एवढंच म्हणाली, "दहा शेजारी आहेत, बाबा. रोज पाच मिनिटं जाऊन या. शेवटच्या पेपरहून आले की मला दहाच्या दहा परत हवेत." उस्तादांनी मिशीवर हात ठेवून शब्द दिला. आणि शेवटचा पेपर उद्या होता. केमिस्ट्रीचा. मिशी जागेवर होती, शेजारी नऊ होते.

सुहैर स्वयंपाकघरात द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळत बसली होती. उस्ताद आत आले आणि दार लावून घेतलं.

"मिश्मिश गेला," ते कुजबुजले.

"कोण मिश्मिश?"

"बोकड."

"गेममधला? तो जाईल कुठे?"

"चिठ्ठी ठेवून गेलाय. ऐक. 'तेरा दिवस वाट पाहिली. कुणी आलं नाही. दुसरीकडे जातोय. लिंबाचं झाड तेवढं घेऊन जातो, ते माझं होतं.'"

सुहैरनं त्यांच्याकडे बघितलं. "तेरा दिवस? अहो उस्ताद, रोज पाच मिनिटं ठरली होती ना?"

"हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

सुहैरनं हातातलं पान खाली ठेवलं. या घरात तत्त्वाचा प्रश्न आला की हातातलं खाली ठेवलेलं बरं, हे तिला अनुभवानं ठाऊक होतं. मागच्या वेळी तत्त्व आलं होतं ते गच्चीवर. वरच्या मजल्यावरच्या इंजिनियर हिकमतनं आपली टाकी दीड वीत सरकवली होती, एवढंच. त्याला चार वर्षं झाली. अजून दोघे जिन्यात एकमेकांना भेटले की भिंतीचा रंग बघत उतरतात.

तर तत्त्व काय होतं? ऐका. पाच महिने उस्ताद इमानदारीत रोज जात होते. पाणघोड्याचा वाढदिवस त्यांनी वहीत लिहून ठेवला होता, बदकाला खोकला झाला तर औषध नेऊन दिलं होतं. मग मध्येच तीन दिवस चुकले, दाढ दुखत होती, आणि चौथ्या दिवशी गेले तर हा बोकड दारात उभा. म्हणतो, "तीन दिवस कुठे होतात? मी तर सामान बांधायचाच विचार करत होतो."

धमकी! तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या माणसाला! लिंबं कुणाची खाल्लीस रे? उस्तादांनी त्याच क्षणी गेम बंद केला आणि ठरवलं, याला धडा शिकवायचा. बघू कसा जातो.

"आणि तो गेला," सुहैर म्हणाली.

"पण जावं का त्यानं? तूच सांग! माझा भाऊ बावीस वर्षं कुवेतमध्ये आहे. वर्षातून एकदा येतो. म्हणून काय मी सामान बांधून दुसऱ्या कुणाचा भाऊ झालो? घरधनी बाहेर गेला की शेजाऱ्यानं त्याच्या घरावर लक्ष ठेवायचं असतं. चिठ्ठी लिहून पळायचं नसतं!"

"तुमचा भाऊ दर शुक्रवारी फोन करतो."

उस्ताद चपला घालून खाली दुकानात गेले.

दुकानदार अबू शाकिर. गुपित ठेवायला अख्ख्या तबरबूर वस्तीत याच्याइतका वाईट माणूस नाही, पण व्हिडिओ गेम खेळणारा मोठा माणूस उस्तादांच्या ओळखीत हाच एक. दुकानात गिऱ्हाईक नसलं की मोबाईलवर शेती करतो.

"बोकड गेला?" अबू शाकिर इतक्या मोठ्यानं म्हणाला की समोरचा न्हावी कात्री घेऊन बाहेर आला. "किती किलोचा होता?"

"हळू बोल. खेळातला बोकड. रनीमचा."

"मग सोपं आहे. घड्याळ मागे कर. सेटिंगमध्ये जायचं, तारीख चौदा दिवस मागे न्यायची. गेमला वाटतं तुम्ही गेलाच नव्हता. मी टोमॅटो असेच वाचवतो."

उस्ताद धावत वर. तारीख चौदा दिवस मागे. बोकडाच्या जागी पाटी तशीच, "जागा रिकामी आहे." कारण गेलेला गेला, त्याला तारखेशी काय देणंघेणं! पण पाणघोड्याचा वाढदिवस परत आला. पाणघोडा दारात टोपी घालून उभा. "भेट आणलीत?" नव्हती आणली. एकदा दिली होती ना! पाणघोडा आत गेला आणि दार लावून घेतलं. उस्ताद घाबरले, त्यांनी तारीख झटकन पुढे आणली. तर गेमला वाटलं, हा माणूस आणखी चौदा दिवस गायब होता. बेटभर गवत. आणि बदक, ज्याला यांनी खोकल्याचं औषध नेऊन दिलं होतं ते बदक, घरात खोक्यांवर बसलेलं.

"जाऊ का मी?" बदकानं विचारलं.

"बस खाली!" उस्ताद बाल्कनीत ओरडले.

आतल्या खोलीतून रनीमचा आवाज आला, "बाबा, कोण आलंय?"

"कुणी नाही, बेटा! तू वाच!"

बदकाला चार वेळा "राहा" म्हटलं, सहा लिंबं दिली, तेव्हा कुठे त्यानं एक खोकं उघडलं.

मग सुहैर म्हणाली, कंपनीला लिहा. कंपनीचा एक फॉर्म होता. शेजाऱ्याचं नाव. शेजाऱ्याची जात, म्हणजे प्राणी कोणता ते. जाण्याचं कारण, खालीलपैकी एक निवडा: 'भांडण', 'कंटाळा', 'इतर'. उस्तादांनी 'इतर' निवडलं आणि खालच्या चौकटीत तत्त्व लिहायला घेतलं, तर चौकट दीडशे अक्षरांत भरली. तिसऱ्या मिनिटाला उत्तर आलं: "आपलं दुःख आम्ही समजतो. आमचे शेजारी स्वतंत्र मनाचे असतात. चौदा कामाच्या दिवसांत संपर्क करू." खाली हसरा चेहरा. उस्तादांना तो चेहरा बोकडासारखाच वाटला.

एवढ्यात जिन्यात कुणीतरी उड्या मारत उतरलं. तालीन. हिकमतची मुलगी, नऊ वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले. मोठ्यांच्या टाकीचं तिला काही पडलेलं नव्हतं. तिचं आणि रनीमचं बेट गेममध्ये शेजारीशेजारी जोडलेलं होतं.

"सुहैरकाकू! माझ्याकडे कोण राहायला आलंय माहितीय? मिश्मिश! येताना लिंबाचं झाड घेऊन आला!"

उस्ताद दारामागे होते. ते तिथेच खाली बसले.

जगात एवढी बेटं आहेत. जपानात असतील, ब्राझीलमध्ये असतील. आणि हा गेला कुणाकडे, तर हिकमतकडे!

"वर जा आणि मागा," सुहैर म्हणाली.

"मी? त्याच्या दारात? एकटा?"

आता इथे खरी चूक झाली. 'एकटा' म्हणायला नको होतं. दाराशी अबू शाकिर उभा होता, घड्याळाचं काय झालं ते विचारायला आलेला. त्याचे डोळे चमकले.

"एकट्यानं कशाला? जाहा घेऊन जाऊ!"

म्हणजे कसं, मुलीला मागणी घालायची असो की खून मिटवायचा असो, आपल्याकडे माणूस एकटा जात नाही. चार वजनदार माणसं पुढे घालतो, तीच जाहा. समोरचा कॉफी देतो. पाहुणे कप खाली ठेवतात, ओठाला लावत नाहीत. समोरचा "दिलं, प्या" म्हणाला तरच प्यायची. कॉफी न पिता उठले तर दोन्ही घरांची अब्रू गेली. पण बोकडासाठी? चित्रातल्या?

"चारच माणसं," उस्ताद म्हणाले. "उद्या साडेदहाला. रनीम पेपरला असताना. गुपचूप."

"गुपचूप," अबू शाकिर म्हणाला आणि फोन काढला.

गुरुवारी सकाळी रनीम पेपरला गेली. जाताना म्हणाली, "बाबा, आल्यावर सगळ्यांत आधी बेट बघणार मी." साडेदहाला ते कोट घालून खाली उतरले तर रस्त्यावर अकरा गाड्या. चाराचे झाले होते अठ्ठावीस! न्हावी, न्हाव्याचे दोन मेहुणे, मशिदीजवळचा शिंपी, उस्तादांचे पंधरा वर्षांपूर्वीचे दोन विद्यार्थी, आणि असे सातआठ जण ज्यांना उस्तादांनी जन्मात बघितलं नव्हतं पण जे त्यांच्या गळ्यात पडून म्हणत होते, "आम्ही आहोत तुमच्या पाठीशी." दोघांनी तर हळूच विचारलं, नंतर मन्सफचं जेवण आहे ना? बोकडाचाच ना? उस्तादांनी ऐकलंच नाही असं दाखवलं.

आणि सगळ्यांच्या पुढे, काळा झगा, लाल रुमाल, हातात काठी: अबू ग़ालिब पाशा. वय ऐंशी. निवृत्त जनरल. पन्नास वर्षांत त्यांच्या जाहाला कुणी 'नाही' म्हटलेलं नाही.

"पाशा, तुम्ही कशाला त्रास घेतलात? गोष्ट अगदी लहान आहे," उस्ताद म्हणाले.

"लहान गोष्टीसाठीच मोठी माणसं लागतात, उस्ताद. मोठ्या गोष्टी पोलीस बघतात. चला."

एकच मजला चढायचा होता. पण अठ्ठावीस माणसं, "तुम्ही आधी", "छे, पाशांच्या आधी कसा", "उजवा पाय पुढे टाका", वीस मिनिटं लागली. वर दार उघडंच होतं. दिवाणखान्यात भाड्याच्या खुर्च्या मांडलेल्या, कॉफीचा वास जिन्यापर्यंत. कारण सुहैरनं आदल्या दिवशीच वर फोन केला होता. चार वर्षं बोलणं बंद होतं ते नवऱ्यांचं. बायकांनी या काळात एकमेकींची तीन लोणची, दोन आजारपणं आणि एक ऑपरेशन निभावलं होतं.

मात्र हिकमतला बायकोनं एवढंच सांगितलं होतं की खालचे उस्ताद जाहा घेऊन येतायत. बिचारा नवा शर्ट घालून दारात उभा होता. त्याला वाटलं, टाकी. चार वर्षांनी हा माणूस टाकीसाठी अठ्ठावीस जण घेऊन दिलजमाई करायला आलाय! त्याचे डोळेच भरून आले.

कप भरले. कप खाली ठेवले गेले. पाशा उठले.

"हिकमत, बेटा," ते म्हणाले, "शेजारी हा भिंतीचा दुसरा अर्धा भाग असतो. तो पडला तर आपलं छप्पर कशावर राहणार? आम्ही तुझ्या दारात आलोय. रिकाम्या हातानं आलोय. भरल्या मनानं जायचंय. आमची एक मागणी आहे..."

"दिली!" हिकमत उठला. "पाशा, मागायच्या आधीच दिली! टाकी मी आजच सरकवतो! कॉफी प्या!"

आणि झालं! अठ्ठावीस माणसांनी, सकाळपासून तोंडात पाण्याचा थेंब न गेलेल्या, एका घोटात कप रिकामे केले. उस्ताद तेवढे कप हातात धरून बसलेले. चार वर्षं ज्या टाकीसाठी रक्त आटवलं ती मिळाली होती, आणि त्यांना ती नको होती.

"हिकमत," ते खाकरले, "टाकी नाही."

"मग?"

"बोकड."

मग अबू शाकिरनं सगळं सांगितलं. बेट, चिठ्ठी, घड्याळ, बदक, मध्ये स्वतःचे टोमॅटोही सांगितले. हिकमतनं ऐकून घेतलं. हसला नाही, हे त्याचं मोठेपण.

"उस्ताद, माझं असतं तर दिलं असतं," तो म्हणाला. "पण तो बोकड माझा नाही. तालीन!"

तालीन आतून आली. गेम छातीशी घट्ट धरलेला. अठ्ठावीस मिशांकडे एक नजर टाकली आणि म्हणाली, "बोकड माझ्याकडे आहे ना? मग मला न विचारता तुम्ही कॉफी कशी प्यायलात?"

पन्नास वर्षांत पाशांना हे कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी रिकाम्या कपाकडे बघितलं, मग हिकमतकडे. "मुलीचं बरोबर आहे," ते म्हणाले. "परत भरा."

परत भरले. परत सगळ्यांनी खाली ठेवले, या वेळी तालीनसमोर.

"तो गेला का पण?" तालीननं विचारलं. "रनीमकडे तर किती छान घर होतं त्याला."

आता उस्ताद बोलणार होते ते तत्त्व. कुवेत, भाऊ, घरधनी, सगळं जिभेवर होतं. पण बाकीच्यांनीच सुरुवात केली.

"घरात कुणी नसताना जायला नको होतं," न्हावी म्हणाला. "हा पळपुटेपणा आहे."

"का नको?" शिंपी उसळला. "माझा मुलगा डेट्रॉइटला गेला, म्हणाला दोन वर्षांत येतो. नऊ झाली. मी दारात पाटी लावून बसू का? बोकडाला मन नाही?"

"खेळ आहे हो तो! खेळात तरी कुणी कुणाला सोडून जाऊ नये!" उस्तादांचा जुना विद्यार्थी इतक्या तावातावानं म्हणाला की त्याचा कपच कलंडला.

"मग तो खेळ नाही, फोटो झाला," अबू शाकिर म्हणाला. "माझे टोमॅटो सडतात म्हणून तर मी त्यांच्याकडे जातो."

एकच गलका! अर्धी खोली बोकडाच्या बाजूनं, अर्धी विरुद्ध. पाशांनी काठी आपटली. "ज्याचा बोकड गेला त्याला बोलू द्या."

उस्ताद उठले. समोर हिकमत, चार वर्षांनी एवढ्या जवळून. त्याचे केस पिकले होते. कधी पिकले कुणास ठाऊक.

"तालीन," ते म्हणाले, आणि आवाज वर्गातला येईना, "मी त्याच्याकडे गेलो नाही. मुद्दाम. तो म्हणाला जाईन, मी म्हटलं बघू. तेरा दिवस बघितलं. चूक माझी आहे. रनीमला शब्द दिला होता, दहाच्या दहा. ती आत्ता येईल आणि माझ्याकडे नऊ आहेत. म्हणून आलोय."

"काय नऊ आहेत?"

दारात रनीम. पेपर लवकर देऊन आलेली, बोटांना शाई, खांद्यावर बॅग. जिना चढताना खाली अकरा गाड्या आणि वर अठ्ठावीस जोड चपलाबूट बघून तिला वाटलं होतं कुणीतरी गेलं. चेहरा पांढराफटक.

"बाबा? काय झालं? कोण गेलं?"

"मिश्मिश," उस्ताद म्हणाले. त्यांनी मान खाली घातली. "मी सांभाळू शकलो नाही, बेटा."

रनीमनं खोलीवर नजर फिरवली. पाशा, झगा, न्हावी, न्हाव्याचे मेहुणे, न प्यायलेली कॉफी. मग तालीनच्या छातीशी धरलेला गेम. हळूहळू तिच्या डोक्यात प्रकाश पडत गेला.

"तुम्ही जाहा आणली?" ती म्हणाली. "बोकडासाठी? हिकमतकाकांच्या घरी? तुम्ही?"

"शब्द दिला होता."

रनीम हसायला लागली. इतकी हसली की तिला दाराला धरावं लागलं, आणि सहा महिन्यांची केमिस्ट्री त्या हसण्यातून डोळ्यांवाटे वाहून गेली. मग ती तालीनसमोर गुडघ्यांवर बसली.

"कसा आहे तो?"

"मजेत आहे. समुद्रापाशी घर दिलंय. सकाळी उठल्याउठल्या जाते मी, आणि संध्याकाळी. काल म्हणाला, इथे वारा छान येतो." तालीनच्या डोळ्यांत पाणी तरारलं. "न्यायचा असेल तर ने. पण रोज जायचं हं. नाहीतर परत दुसरीकडे जाईल, आणि मला कळणारसुद्धा नाही कुठे गेला ते."

रनीमनं तिच्या हातातला गेम परत तिच्याच छातीशी लावला.

"राहू दे तुझ्याकडे," ती म्हणाली.

"राहू दे?" उस्ताद जवळजवळ ओरडले. "अठ्ठावीस माणसं, रनीम!"

"बाबा, त्यानं घर शोधलं. त्याला जागा मिळाली. आता पोलीस पाठवून परत आणायचा का?"

पाशांनी काठी उचलली. "थांबा. मागणी मान्य झाली नाही तर ही कॉफी प्यायची कशी? दुसऱ्यांदा भरलीये. मी या वयात कप तसाच ठेवून उठणार नाही."

सगळे उस्तादांकडे बघायला लागले. उस्तादांनी हिकमतकडे बघितलं, मग तालीनकडे.

"मग दुसरी मागणी घालतो," ते म्हणाले. "मला त्याला भेटायला येऊ दे. रोज. पाच मिनिटं. लिंबं मी आणीन."

तालीननं विचार केला. खूप वेळ केला. दातांच्या फटीत जीभ घातली, बापाकडे बघितलं. हिकमत तिच्याकडे बघतच नव्हता. तो उस्तादांच्या समोरचा कप उचलून त्यांच्या हातात देत होता.

"या," तालीन म्हणाली. "प्या आता. गार झाली."

अठ्ठावीस कप एकदम वर गेले. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी मुबारक म्हटलं, न्हाव्याच्या मेहुण्यानं गळाच काढला, आणि आतून बायकांनी जिभा हलवत असा काही आनंदाचा गजर केला की रस्त्यावरचे लोक वर बघायला लागले. अबू शाकिर सगळ्यांना सांगत सुटला की ही कल्पना आपलीच.

पाशा मात्र उठेनात. "पन्नास वर्षं झाली," ते म्हणाले, "मुलगी न बघता मी एकाही घरातून बाहेर पडलेलो नाही. ज्याच्यासाठी आलो त्याला दाखवा."

तालीननं गेम त्यांच्यासमोर धरला. समुद्रापाशी, लिंबाच्या झाडाखाली, मिश्मिश उभा होता. पाशांनी झग्यातून चष्मा काढला, रुमालानं पुसला, नाकावर चढवला आणि बोकडाकडे बराच वेळ, अगदी बराच वेळ बघितलं.

"चेहऱ्यावरून," ते म्हणाले, "घरंदाज वाटतो."